परवडणाऱ्या घरांचे उद्दिष्ट आणि स्थानिक संस्थांचे उत्तरदायित्व : नागपूरच्या इतवारीच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना :

नागपूरच्या जुन्या भागातील अनेक वस्त्या आठवडी बाजाराच्या वारांवरून ओळखल्या जातात. बुधवारी, शुक्रवारी, मंगळवारी या त्यांपैकी काही. परंतु व्यापाराच्या दृष्टीने इतवारीचे स्थान वेगळे आहे. विदर्भाच्या घाऊक व्यापाराचे हे केंद्र. येथील गल्ल्यांना 'ओळ' म्हणतात. सराफा ओळ, किराणा ओळ, भांडे ओळ अशी नावे उच्चारताच त्या त्या मालाचे दुकान डोळ्यांपुढे येते. या दुकानांच्या मागे, वर आणि मधल्या चौकाभोवती माणसे राहतात, ही गोष्ट मात्र बाजाराच्या गजबजाटात सहज विसरली जाते. खरेदीला येणाऱ्याने ती विसरणे स्वाभाविक आहे. घरांची गरज मोजण्यास निघालेल्या शासकीय योजनेलाही तिचा विसर पडावा, हे मात्र चिंतनीय आहे.

प्रधानमंत्री आवास योजना (शहरी) २५ जून २०१५ रोजी सुरू झाली. २०२२ पर्यंत सर्वांना घर हे तिचे घोषवाक्य होते. मूळ कालावधी ३१ मार्च २०२२ रोजी संपला. आधी मंजूर झालेली घरे पूर्ण करण्यासाठी पुढे डिसेंबर २०२४ पर्यंत मुदतवाढ देण्यात आली आणि सप्टेंबर २०२४ पासून योजनेचा दुसरा टप्पा, देशात एक कोटी घरांच्या नव्या उद्दिष्टासह, सुरू झाला. महाराष्ट्र शासनाने २०२५ मध्ये नवे गृहनिर्माण धोरण जाहीर केले. त्यात २०३० पर्यंत अल्प व अत्यल्प उत्पन्न गटांसाठी ३५ लाख घरांचे लक्ष्य आहे. यापूर्वीचे राज्याचे धोरण २००७ चे होते. म्हणजे उद्दिष्टांची उणीव कधीच नव्हती. एक उद्दिष्ट संपण्यापूर्वीच दुसरे जाहीर होते, आणि पहिल्याचे काय झाले हे कोणी, कोणाला, कोठे विचारावे हा प्रश्न अनुत्तरित राहतो. प्रस्तुत लेखात त्याच प्रश्नाचा विचार इतवारीच्या संदर्भात करण्याचा प्रयत्न आहे.

उद्दिष्ट कोणाच्या नावावर?

स्थानिक स्वराज्याची चर्चा करताना ७४ व्या घटनादुरुस्तीचा उल्लेख अपरिहार्यपणे येतो. १ जून १९९३ पासून अंमलात आलेल्या या दुरुस्तीने राज्यघटनेत बारावी अनुसूची समाविष्ट केली आणि नगरपालिकांकडे सोपविता येतील असे १८ विषय नमूद केले. नगररचना आहे, जमीन वापराचे नियमन आहे, झोपडपट्टी सुधारणा आहे, नागरी दारिद्र्य निर्मूलन आहे. कोंडवाडे आणि कत्तलखानेही आहेत. 'गृहनिर्माण' हा शब्द त्या यादीत नाही. याउलट, ७३ व्या दुरुस्तीने पंचायतींसाठी जोडलेल्या अकराव्या अनुसूचीत 'ग्रामीण गृहनिर्माण' हा स्वतंत्र विषय म्हणून आलेला आहे. एकाच काळात, एकाच संसदेने केलेल्या या दोन दुरुस्त्यांपैकी एकीत गावाच्या घराला जागा मिळावी आणि दुसरीत शहराच्या घराला मिळू नये, या विसंगतीकडे राज्यशास्त्राच्या अध्यापनात फारसे लक्ष दिले गेलेले दिसत नाही. वर्गात १८ विषयांची यादी पाठ करून घेतली जाते. यादीत काय नाही, हे विचारले जात नाही.

याचा परिणाम प्रत्यक्ष कारभारात दिसतो. प्रधानमंत्री आवास योजनेसाठीचा सामंजस्य करार केंद्र आणि राज्य यांच्यात झाला. विकास आराखड्यात परवडणाऱ्या घरांसाठी जमीन राखणे यांसारख्या अटी राज्याने मान्य केल्या. ज्या महानगरपालिकेच्या हद्दीत ही घरे व्हावयाची, ती त्या करारातील पक्ष नव्हती. तिने मागणीचे सर्वेक्षण करावे, कृती आराखडा तयार करावा आणि प्रस्ताव वर पाठवावेत, असे अपेक्षित होते. राज्यस्तरीय समितीने ते तपासावेत, केंद्रीय समितीने मंजूर करावेत. या साखळीत कृती आराखड्यातील आकडा गाठला गेला नाही तर महानगरपालिकेवर कोणते दायित्व येते, याचा मात्र उलगडा होत नाही.

नागपूरमध्ये हा गुंता आणखी वाढतो. येथे १८६४ मध्ये नगरपालिका आली आणि १९५१ मध्ये तिची महानगरपालिका झाली. त्याच्या मध्ये, १९३६ च्या स्वतंत्र कायद्याने, नागपूर सुधार प्रन्यास अस्तित्वात आला. प्रन्यासाचा सभापती शासननियुक्त असतो. तो मतदारांना उत्तरदायी नसतो. प्रन्यास विसर्जित करण्याचा निर्णय राज्य शासनाने मागील दशकात घेतला, नंतर तो फिरविण्यात आला, आणि प्रन्यास आजही आहे. याखेरीज महानगर प्रदेश विकास प्राधिकरण आहे, म्हाडाचे नागपूर मंडळ आहे, झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण आहे. जमीन नझुलाची, रेल्वेची, प्रन्यासाची, पालिकेची किंवा खासगी. इतवारीतील एखाद्या भाडेकरूने आपल्या घराच्या प्रश्नासाठी कोणत्या कार्यालयाची पायरी चढावी, याचे उत्तर या पाचही संस्थांकडे आहे आणि प्रत्येक संस्थेचे उत्तर दुसऱ्या संस्थेचे नाव हेच आहे.

मोजमापाचा प्रश्न :

उद्दिष्ट कशाचे, हा प्रश्न उद्दिष्ट कोणाचे याहून मूलभूत आहे. केंद्र शासनाने नेमलेल्या तांत्रिक गटाने २०१२ मध्ये देशातील शहरी घरांचा तुटवडा १ कोटी ८८ लाखांच्या आसपास असल्याचे अनुमान मांडले. त्यातील सुमारे ९६ टक्के तुटवडा अल्प व अत्यल्प उत्पन्न गटांचा होता, ही बाब वारंवार उद्धृत केली जाते. दुसरी बाब तितकीच महत्त्वाची असूनही मागे पडते. या तुटवड्याचा सुमारे ८० टक्के हिस्सा बेघरांचा नव्हता, कच्च्या घरांचाही नव्हता. तो दाटीवाटीने राहणाऱ्या कुटुंबांचा होता. डोक्यावर छप्पर आहे, भिंती पक्क्या आहेत, पण लग्न झालेल्या मुलाला स्वतंत्र खोली नाही, अशी ही कुटुंबे.

देशाच्या तुटवड्याचे हे वर्णन वाचताना इतवारीतील वाड्याचे चित्र समोर उभे राहते. रस्त्याच्या बाजूला दुकान, आत चौक, चौकाभोवती खोल्या, वर लाकडी जिना आणि माळा. मूळ मालकाच्या तिसऱ्या-चौथ्या पिढीत वाटण्या झालेल्या असतात. काही खोल्यांत जुने भाडेकरू असतात. आखीव पत्रिकेवर मात्र अनेकदा आजोबांचेच नाव असते. अशा कुटुंबाला योजनेची व्याख्या लावून पाहिल्यास काय होते? देशात कोठेही, कुटुंबातील कोणाच्याही नावावर पक्के घर नसावे, ही योजनेची मुख्य अट. वाड्यात वारसाहक्काने दीड खोलीचा हिस्सा असलेला माणूस या अटीपुढे अडखळतो. २१ चौरस मीटरपेक्षा लहान पक्के घर असल्यास ते ३० चौरस मीटरपर्यंत वाढविण्याची तरतूद योजनेत आहे, हे मान्य केले पाहिजे. परंतु चार भावांच्या सामाईक चौकात एकाने नऊ चौरस मीटर वाढवावेत कोठे? स्वतःच्या जागेवर घर बांधण्याच्या घटकासाठी जमिनीचा स्वतंत्र मालकीपुरावा हवा. सामाईक आखीव पत्रिका तो देऊ शकत नाही. भाडेकरूचा तर जमिनीशी संबंधच नाही.

अशा रीतीने, ज्या प्रकारचा तुटवडा देशात सर्वाधिक आहे तो ज्या वस्तीत ठळकपणे दिसतो, तीच वस्ती मागणीच्या सर्वेक्षणात कोरी राहण्याची शक्यता निर्माण होते. येथे 'गरज' आणि 'मागणी' या दोन शब्दांतील अंतर लक्षात घेणे आवश्यक आहे. गरज परिस्थितीतून दिसते. मागणी अर्जातून दिसते. अर्ज भरण्यास जो पात्र नाही त्याची मागणी शून्य धरली जाते आणि उद्दिष्ट या मागणीवरून ठरते. विद्यार्थ्याला परीक्षेला बसू न देता त्याला नापासांच्या यादीतून वगळण्यासारखाच हा प्रकार आहे. निकाल अर्थातच चांगला लागतो.

साध्य झालेल्या आकड्यांचीही तपासणी झाली पाहिजे. योजनेच्या चार घटकांपैकी एक कर्जाशी निगडित व्याज अनुदानाचा होता. त्यात अर्जदार बँकेकडे जात असे, अनुदान केंद्रीय संस्थांमार्फत कर्जखात्यात जमा होत असे, आणि घर बहुधा खासगी विकसकाचे असे. या व्यवहारात महानगरपालिकेची भूमिका जवळजवळ नव्हती; तरीही शहराच्या एकूण आकड्यात ही घरे धरली जात. जे आपण केले नाही त्याचे श्रेय मिळते आणि जे करावयास हवे होते त्याचा जाब विचारला जात नाही, अशा हिशेबातून उत्तरदायित्व निर्माण होणे कठीण आहे.

हीच गोष्ट नागपूरच्या संदर्भात अधिक व्यापक अर्थाने खरी आहे. गेल्या चार-पाच दशकांत या शहरातील कनिष्ठ मध्यमवर्गाला परवडतील अशी घरे मोठ्या प्रमाणावर कोठे झाली, याचे उत्तर '५७२ अभिन्यास' आणि '१९०० अभिन्यास' या दोन आकड्यांत आहे. नागपूरकराला त्यांचे स्पष्टीकरण द्यावे लागत नाही. शेतजमिनीचे तुकडे पाडून विकलेल्या या अनधिकृत वस्त्यांत लोकांनी आधी भूखंड घेतले, मग पैसा जमेल तशी घरे बांधली. रस्ता, गटार आणि नियमितीकरणाचे पत्र यांसाठी त्यांनी वर्षानुवर्षे वाट पाहिली. २००१ च्या गुंठेवारी कायद्याने त्यांच्या नियमितीकरणाचा मार्ग मोकळा केला, तोही विकास शुल्क भरून. परवडणाऱ्या घरांचे लक्ष्य या शहरात कोणी गाठले असेल तर ते नियमाबाहेर राहून लोकांनीच. नियोजन संस्थांचा वाटा घर उभे राहिल्यानंतर सुरू झाला.

घरे कोठे झाली?

शासकीय घरे मुळीच झाली नाहीत, असे म्हणणे सत्याला धरून होणार नाही. तरोडी (खुर्द), वांजरी यांसारख्या ठिकाणी आवास योजनेतील इमारती उभ्या राहिल्या आणि त्यांत कुटुंबे राहावयास गेली. झोपडपट्टीवासीयांना मालकी पट्टे देण्याची मोहीमही नागपुरात राबविली गेली. २०११ च्या जनगणनेनुसार २४ लाखांच्या या शहरात झोपडपट्ट्यांतील लोकसंख्या सुमारे ८.५९ लाख, म्हणजे एक तृतीयांशाहून अधिक होती, हे पाहता पट्टेवाटपाचे मोल कमी लेखता येत नाही.

तथापि, शहराच्या कडेला झालेले घर आणि इतवारीतील खोली ही एकमेकांना पर्याय ठरत नाहीत. सराफा ओळीत दागिने घडविणारा कारागीर, किराणा ओळीतील हमाल, सकाळी सहाला दुकान उघडणारा नोकर, घरात पापड-कुरडया करून ओळीतल्याच दुकानदाराला देणारी गृहिणी, या सर्वांचे घर आणि काम यांमधील अंतर पायी चालण्याचे आहे. रात्री दहाला बाजार आवरल्यावर तरोडीला परतण्याचा खर्च घराच्या हप्त्यात मोजला जात नाही. स्वस्त घर आणि परवडणारे घर यांत हाच भेद आहे; योजनेच्या शब्दसंग्रहात तो उतरलेला नाही.

मोठ्या गृहप्रकल्पांत दुर्बल घटकांसाठी वाटा राखण्याची तरतूद या संदर्भात आश्वासक मानली जाते. नागरी नूतनीकरणाच्या राष्ट्रीय अभियानात, २००५ पासून, विकसित जमिनीपैकी २० ते २५ टक्के हिस्सा राखण्याचा आग्रह होता. परंतु ती सुधारणा ऐच्छिक यादीत होती. महाराष्ट्राने २०१३ मध्ये दहा लाखांहून अधिक लोकसंख्येच्या शहरांसाठी ४००० चौरस मीटर वा त्याहून मोठ्या क्षेत्रावरील प्रकल्पांत २० टक्क्यांचा नियम आणला. २०२० च्या एकीकृत नियमावलीत तो कायम आहे. नियम स्तुत्य आहे. मात्र ४००० चौरस मीटर म्हणजे जवळपास एक एकर. इतवारीत एक एकराचा मोकळा भूखंड शोधणे म्हणजे भर बाजारात शेत शोधणे होय. नियम जेथे लागू होतो तेथे इतवारीचा माणूस जाऊ शकत नाही, आणि तो जेथे राहतो तेथे नियम पोहोचत नाही.

या नियमाची अंमलबजावणी न झाल्यास काय होते, याचे एक उदाहरण नाशिकचे आहे. तेथील प्रकल्पांतून २० टक्के योजनेतील घरे म्हाडाकडे सोपविली गेली नाहीत, असा आरोप झाला. २०२२ मध्ये तो विधान परिषदेत गाजला आणि महानगरपालिका आयुक्तांच्या बदलीपर्यंत प्रकरण गेले. उत्तरदायित्वाचे हे दुर्मीळ उदाहरण म्हणून दाखविले जाते. पण ते विधिमंडळात, राज्याच्या मंत्र्यांकडून आणि एका अधिकाऱ्याच्या बदलीच्या रूपात घडले. नाशिकच्या नागरिकाने ते विचारले नव्हते. आणि बदलीने घर मिळत नाही.

वजाबाकी :

आवास योजनेच्या प्रगती अहवालात मंजूर घरे, सुरू झालेली घरे आणि पूर्ण झालेली घरे असे रकाने असतात. सर्व रकाने बेरजेचे. त्याच काळात त्याच शहरातून परवडणारी किती घरे नाहीशी झाली, याचा रकाना नाही. चिकित्सेच्या दृष्टीने हाच या साऱ्या व्यवस्थेतील सर्वांत मोठा दोष मानावा लागेल, आणि इतवारीत तो सर्वाधिक जाणवतो.

येथे घरे तीन वाटांनी जातात. पहिली वाट गोदामाची. खोली रिकामी झाली की तिच्यात माल भरला जातो; मालाचे भाडे माणसाच्या भाड्यापेक्षा अधिक येते आणि माल भाडेनियंत्रणाचा दावा करीत नाही. दुसरी वाट धोकादायक इमारतीच्या नोटिशीची. विदर्भात १९४९ च्या मध्यप्रांत-वऱ्हाड भाडेनियंत्रण आदेशाने आणि ३१ मार्च २००० पासून राज्याच्या भाडेनियंत्रण कायद्याने जुन्या भाडेकरूला संरक्षण दिले. भाडे नाममात्र राहिले, म्हणून दुरुस्ती राहिली. दुरुस्ती राहिली म्हणून वाडा जर्जर झाला. यात मालकाला सर्वस्वी दोषी धरणे अन्यायाचे होईल. मुंबई शहरात अशा इमारतींसाठी उपकर आकारला जातो आणि म्हाडाचे स्वतंत्र दुरुस्ती मंडळ आहे. म्हाडा कायद्यातील ते प्रकरण मुंबईपुरतेच आहे. इतवारीच्या वाड्याला ना उपकर, ना मंडळ. त्याला पावसाळ्यापूर्वी नोटीस तेवढी येते. भाडेकरूंचे पुनर्वसन करून पुनर्विकास केल्यास वाढीव चटई क्षेत्र देण्याची तरतूद नियमावलीत आहे खरी, परंतु चटई क्षेत्र रस्त्याच्या रुंदीशी बांधलेले आहे, आणि ओळींची रुंदी कोणत्या काळातील वाहतुकीसाठी ठरली हे तेथे एकदा चालून पाहणाऱ्याला सांगावे लागत नाही.

तिसरी वाट रस्ता रुंदीकरणाची. मेयो रुग्णालयापासून शहीद चौकमार्गे सुनील हॉटेलपर्यंतच्या जुन्या भंडारा मार्गाचे रुंदीकरण शहराच्या विकास आराखड्यात येऊन दोन दशकांहून अधिक काळ लोटला. त्याची आवश्यकता नाकारता येणार नाही. अग्निशमनाचा बंब ज्या गल्लीत शिरू शकत नाही ती गल्ली रहिवाशांच्याही हिताची नाही. प्रश्न हिशेबाचा आहे. रुंदीकरणाच्या चर्चेत मीटर मोजले जातात, बाधित मालमत्ता मोजल्या जातात, मोबदल्याचे कोटी मोजले जातात. त्या मालमत्तांत राहणारी बिऱ्हाडे ही घरांच्या उद्दिष्टाशी संबंधित बाब आहे, असे महानगरपालिकेचा कोणताही विभाग मानत नाही. रस्ता एका विभागाचा, आवास दुसऱ्याचा. एकाच संस्थेचा डावा हात घरे देतो आणि उजवा हात घेतो; वहीत मात्र डाव्या हाताचीच नोंद होते.

उत्तर मागण्याची जागा :

परदेशांतील काही प्रयोग येथे तुलनेस घेता येतात. अमेरिकेतील न्यू जर्सी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मध्ये माउंट लॉरेल खटल्यात असा निर्णय दिला की, वाढत्या नगरांनी परिसरातील अल्प उत्पन्न गटांच्या घरांचा आपला न्याय्य वाटा उचलला पाहिजे. कॅलिफोर्नियात प्रत्येक शहराला ठराविक कालावधीसाठी, उत्पन्नगटानुसार, घरांचा वाटा नेमून दिला जातो. शहराचा गृहनिर्माण आराखडा राज्याच्या निकषांत बसला नाही, तर परवडणाऱ्या घरांचा वाटा असलेले प्रकल्प नाकारण्याचा त्या शहराचा अधिकार मर्यादित होतो. हे नमुने जसेच्या तसे उचलणे चुकीचे ठरेल. तेथील नगरे गरिबांना बाहेर ठेवण्यासाठी बांधकाम अडवीत होती. इतवारीत गरीब आधीपासून आत आहेत आणि प्रश्न त्यांना आत टिकविण्याचा आहे. घेण्यासारखी गोष्ट एवढीच की तेथे आकडा गावाच्या नावावर लिहिलेला असतो आणि तो चुकविण्याची किंमत ठरलेली असते.

आपल्याकडे न्यायालयांनी निवाऱ्याचा हक्क जीविताच्या हक्काशी जोडला. १९८५ च्या ओल्गा टेलिस खटल्यापासून ही परंपरा सुरू होते, आणि तो खटला मुंबई महानगरपालिकेविरुद्धच होता. परंतु न्यायालयात घर पाडण्याविरुद्ध दाद मागता येते. घर न बांधल्याविरुद्ध दाद मागण्याचा मार्ग अरुंदच राहिला आहे.

मग राहते ती लोकप्रतिनिधींची सभा. नागपूर महानगरपालिकेतील निर्वाचित सदस्यांची मुदत मार्च २०२२ च्या पहिल्या आठवड्यात संपली आणि पुढे जवळपास चार वर्षे कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. 'सर्वांसाठी घरे' या उद्दिष्टाची मूळ मुदत त्याच महिन्याच्या ३१ तारखेला संपली. ज्या दिवशी हिशेब द्यावयाचा होता त्या दिवशी तो मागणारे सभागृहच अस्तित्वात नव्हते. हा योगायोग खरा. पण निवडणुका इतकी वर्षे लांबणे हा योगायोग म्हणता येणार नाही. इतवारीच्या रहिवाशाला आपल्या प्रभागाच्या प्रतिनिधीला गाठून विचारण्याची जी एकमेव सोपी जागा होती, तीही या काळात बंद होती.

यावर उपाय म्हणून नवे प्राधिकरण सुचविण्याचा मोह टाळला पाहिजे. नागपुरात ती पुरेशी आहेत. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ६७-अ नुसार आयुक्तांनी दरवर्षी ३१ जुलैपूर्वी शहराच्या पर्यावरणाच्या स्थितीचा अहवाल महानगरपालिकेपुढे ठेवावयाचा असतो. त्या अहवालांचा दर्जा हा वेगळ्या लेखाचा विषय आहे. परंतु तो अहवाल मागण्याचा अधिकार सभागृहाला कायद्याने मिळाला, ही बाब महत्त्वाची आहे. त्याच धर्तीवर घरांच्या स्थितीचा वार्षिक अहवाल कायद्याने बंधनकारक करता येईल. तो प्रभागनिहाय असावा, आणि प्रन्यास, म्हाडा, प्राधिकरण यांच्या कामाचीही नोंद त्यातच व्हावी, म्हणजे एका संस्थेने दुसरीकडे बोट दाखविण्याची सोय उरणार नाही. इतवारीच्या प्रभागापुरते बोलावयाचे तर त्यात पुढील गोष्टी असल्या पाहिजेत : वर्षभरात किती निवासी खोल्यांचा वापर बदलून गोदाम झाला, धोकादायक म्हणून नोटीस दिलेल्या वाड्यांत किती बिऱ्हाडे होती आणि ती पुढे कोठे गेली, जुन्या भंडारा मार्गावर किती भाडेकरू कुटुंबे रुंदीकरणाच्या रेषेत येतात, आणि त्यांपैकी किती जणांना पायी कामावर जाता येईल इतक्या अंतरावर पर्यायी जागा मिळाली. यांतील पहिल्या प्रश्नासाठी नवे सर्वेक्षणही लागणार नाही. निवासी आणि व्यापारी वापराचे मालमत्ता कराचे दर वेगवेगळे असल्याने, वापर बदलल्याची नोंद, कर वाढविण्यासाठी का होईना, पालिकेच्याच कर विभागात होत असते.